जर्मनचा गंज

बाई, ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे जर्मन का म्हणतात, ते मला सापडलं आहे. सापडलं तर कळव, असं तुम्ही म्हणाला होतात. उत्तर हाती लागून बरीच वर्षं झाली, पण तोवर तुम्ही राहिला नव्हतात, आणि गेलेल्या माणसाला भांड्यांबद्दल काय कळवायचं म्हणून मी तो विषय मनातच मिटवून टाकला होता. या आठवड्यात मात्र कळवल्याशिवाय चैन पडेना. माझी मुलगी जर्मनीत शिकते आहे. तिथल्या विद्यापीठात एका विषयात ती दोनदा नापास झाली होती आणि तिसरी संधी शेवटची होती. तीही गेली असती तर नुसतं वर्ष वाया गेलं नसतं, तिला तो अभ्यासक्रमच सोडून घरी यावं लागलं असतं. त्या परीक्षेत तुम्ही आलात. कुठून आणि कशा आलात ते सांगतो, पण सुरुवात गंजापासून करतो, कारण क्रम सोडून बोलणं मला जमत नाही. तुम्हाला ते आठवत असेल.

पातूरला एसटी स्टँडच्या मागे तुमच्या दोन खोल्या. आमचं भाजीचं वावर गावाला लागूनच होतं. आई सकाळी भाजी तोडायची आणि ठरलेल्या घरी ती पोचवणं माझ्याकडे होतं. तुमच्याकडे मी मुद्दाम सगळ्यात शेवटी यायचो, कारण तुमच्याकडे वेळ लागायचा. अजून डोळे मिटले की ती खोली दिसते. तुम्ही खाली बसून भाकरी थापता आहात, स्टोव्ह फरफरतो आहे, त्यावर जर्मनच्या गंजात चहा उकळतो आहे आणि मी शहाबादी फरशीवर खडूनं गणित सोडवतो आहे. भाजी घ्यायच्या आधी गणित, हा तुमचा नियम. चुकलं की पिठाचे हात तसेच ठेवून तुम्ही कोपरानं ओलं फडकं माझ्याकडे सरकवायचात. मी सगळंच पुसायला निघालो की चिडायचात. "वरचं बरोबर आहे नं, ते कायले पुसतो? जिथून चुकलं तिथून पूस." मग मी फरशीवर नाक टेकवून शोधायचो की चुकलं कुठून. ते सापडेपर्यंत तुम्ही काही सांगत नव्हतात, चहाचा अर्धा कप मात्र पुढे सरकवायचात.

गंज म्हणजे पातेलं, हे पुण्याकडच्या माणसाला सांगावं लागतं. तुम्हाला नाही. तो गंज मला पाठ आहे. काठ एका बाजूला सांडशीनं चेपलेला, बूड काजळीनं काळं, आत चहाची तांबूस रेघ, जिथवर तुम्ही पाणी घ्यायचात तिथे. एका सकाळी गणित लवकर सुटलं म्हणून मी विचारलं, बाई, याले जर्मन काहून म्हणतात. मी तेव्हा असंच बोलायचो. तुमचे हात थापता थापता थांबले. तुम्ही गंजाकडे अशा पाहायला लागलात, जसा काही तो आजच घरात आला होता.

"मले मायीत नाही," तुम्ही म्हणालात. "पाहून राहिली मी."

मी चाटच पडलो. मास्तर लोकांना एखादी गोष्ट माहीत नसते हे सगळ्या पोरांना ठाऊक असतं, पण ते तोंडानं म्हणता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेतले बाकीचे सर अशा वेळी 'अभ्यासातलं विचार' म्हणायचे. तुम्ही शनिवारी अकोल्याला घरी गेलात, सोमवारी परत आलात आणि भाजी हातात घेण्याआधी मला बातमी दिलीत. भांड्याच्या दुकानदाराला विचारलं होतं, तो म्हणाला पूर्वी जर्मनीहून येत असतील. "मले नाही पटलं. इतक्या दुरून कोणी गंज पाठवन का? पाहून राहिली." पुढे ते आपल्या दोघांतलं बोलणंच होऊन गेलं. भाजी ठेवताना मी भुवया उडवायचो, तुम्ही मान हलवायचात आणि म्हणायचात, पाहून राहिली.

त्याच वर्षीचा तो फळा. भूमितीच्या तासाला तुम्ही मला प्रमेय सिद्ध करायला उभं केलंत. निम्म्यावर पुढचं सुचेना. मी गप्प उभा राहिलो, मान खाली, खडू मुठीत. आपल्याकडे हे सभ्यपणाचं समजतात. येत नसलं की मास्तरांपुढे मान खाली घालायची, ते बोलायचं ते बोलतात, मग जागेवर जाऊन बसायचं. शिवाय मला तेव्हाही माझा अभिमान होता. चुकीचं लिहून हसं करून घेण्यापेक्षा फळा कोरा राहिलेला बरा, असं मला वाटायचं. तुम्ही खिडकीजवळून चालत आलात. आवाज चढवला नाहीत. "तोंडात काय कोंबून ठेवलं? मायीत नसन तर मायीत नाही म्हण, त्यात काय चोरी आहे? पण तिथंच नको थांबू. पाहून राहिलो म्हण, अन् खडू चालव." मी म्हटलं नाही. तुम्ही भरल्या वर्गासमोर ते माझ्याकडून म्हणवून घेतलंत. पोरं हसली. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी भाजी तुमच्या उंबऱ्यावर ठेवून मी न बोलता निघालो. काहून रे, गणित बंद का, असं तुम्ही आतून विचारलंत, मी मागे पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आत आलो. चहा नेहमीइतकाच होता.

दहावीनंतर मी शिकलो नाही, म्हणजे शाळेत शिकलो नाही. वडिलांनी अकोल्याच्या एका ओळखीच्या मोटार वायंडिंगवाल्याकडे माझी सोय लावली. ते कळल्यावर तुम्ही आमच्या वावरात आलात, वांग्याच्या वाफ्याशी पदर खोचून उभ्या राहिलात आणि वडिलांशी बोललात. वडील तुमचं सगळं ऐकत होते आणि वाफ्याला पाणी देत होते. पाणी पुढच्या सरीत वळवायची वेळ आली तसे ते तिकडे गेले आणि बोलणं तिथेच संपलं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. मी निघालो त्या दिवशी स्टँडवर गंज घेऊन आलात. घासून लख्ख केलेला, बूडसुद्धा. "खोलीवर चहाले लागन," म्हणालात. "अन् त्याचं उत्तर सापडलं तर मले कळव." मी काहीतरी बोलणार तोवर कंडक्टरनं घंटी मारली.

पुढचं मी स्वतः शिकलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. अकोल्याला मोटार भरायला शिकलो, म्हणजे जळालेली तार काढून नवी वेटोळी बसवायला. त्याचं गणित समजावं म्हणून इंग्रजी शिकलो, आधी पंपांच्या कॅटलॉगवरून, मग जुन्या बाजारात मिळालेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून. अमरावतीला स्वतःचं दुकान टाकलं. गेज लावून पाहिल्याशिवाय मी आजही तार विकत घेत नाही, दुकानदार कितीही जुना असो. एकदा पंपाच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो होतो. तिथे मी 'होते आहे' या अर्थानं म्हणालो, मोटार गरम होऊन राहिली, तर शेजारच्यानं विचारलं, होऊन कुठे राहिली? सगळे हसले, मीही हसलो. परत आल्यावर मी माझी भाषा घासून काढली, तुम्ही गंज घासलात तशी. रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचायचो. मले-तुले गेलं, करून राहिलो गेलं. दुकानाच्या पाटीवर पेंटरनं 'दुरूस्ती' असं लिहिलं तेव्हा मी त्याला परत बोलावून रु ऱ्हस्व करायला लावला. भाऊ, लोक मोटार घेऊन येतीन, व्याकरण घेऊन नाही, असं तो शिडीवरून म्हणाला. केला मात्र. बायको वरूडची. लग्नानंतर थोडे दिवस मी तिचंही बोलणं दुरुस्त करत होतो. मग तिनं एकदा विचारलं की भाजीत मीठ कमी आहे हे शुद्ध भाषेत सांगितलं की ते वाढते का. तेव्हापासून मी ते सोडून दिलं.

आता उत्तर. धातूंवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचताना ते अचानक समोर आलं. जर्मन सिल्व्हर नावाचा एक मिश्रधातू आहे, तांबं, जस्त आणि निकेल यांचा. दिसायला चांदीसारखा, चांदी मात्र त्यात नावापुरतीच. जर्मन लोकांनी तो चालवला म्हणून ते नाव. आपल्या बाजारात पांढऱ्या स्वस्त भांड्याला ते नाव चिकटलं, आणि पुढे ॲल्युमिनियम आलं तेव्हा, पांढरं आहे ना, मग जर्मनच, असं झालं. सिल्व्हर गळून गेलं, जर्मन तेवढं उरलं. वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो. तुम्हाला हे पटलं असतं. पातूरला जाऊन तोंडानंच सांगायचं असं मी ठरवलं. त्याच सुमारास शाळेतला एक जुना सोबती त्याची जळालेली मोटार घेऊन दुकानात आला आणि बोलता बोलता सांगून गेला की बाई मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला वारल्या. मी त्याच्या मोटारीची तार मोजली. मग पुन्हा मोजली.

मुलीनं अमरावतीलाच इंजिनिअरिंग केलं आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी निवडली. गल्लीत सगळे म्हणायचे, पोरगी जर्मनला चालली. मी दुरुस्त करायचो, जर्मनीला. जर्मन हे भांडं असतं. तिच्याबरोबर मीही दुकान उघडण्याआधी रोज ती भाषा शिकायला बसलो. तिथे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे असं मी जेवताना सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, अशा जागी पोरीले कायले पाठवता. सामान भरताना विमानात किती वजन चालतं यावरून घरात रोज वाद. तिच्या आईचं तिखट, ज्वारीचं पीठ, धने, जिरं, मुलीची पुस्तकं, आणि मी शेवटी आणून ठेवलेला गंज. "जर्मनले जर्मन कायले नेऊन राहिली?" बायको म्हणाली. मुलगी हसत सुटली. मी म्हटलं, चहाला लागेल. तुमच्याबद्दल मी फारसं सांगितलं नाही, माझ्या एका बाईंनी दिला होता एवढंच. तिनं त्यात मोजे कोंबले आणि तो नेला.

पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ आला. वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर, काळ्या काचेची शेगडी, तिच्यावर तुमचा गंज. बटण दाबलं की शेगडी जराशी टिकटिकते आणि बंद पडते. बाबा, तुमचा जर्मन जर्मनीत तापत नाही, असं मुलगी पाठीमागून सांगते आहे. बाई, मी आयुष्यभर इंडक्शन मोटारी भरत आलो. इंडक्शनच्या शेगडीला लोखंडी बूड लागतं, ॲल्युमिनियमचं भांडं तिला भांडं वाटतच नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. इतक्या दुरून कोणी गंज पाठवन का, असं तुम्ही विचारलं होतं. मी पाठवला. बायकोनं ही गोष्ट माहेरी सांगितली, वरूडला ती अजून सांगतात. मुलीनं त्या गंजात माती घातली, आईचे धने पेरले आणि तो खिडकीत ठेवला. मी कळवलं की बुडाला भोक पाड, नाहीतर पाणी साचेल. तिनं भोक काही पाडलं नाही. पाणी बेतानं घालीन म्हणाली.

बाकी सगळं ठीक चाललं होतं, तो एक विषय सोडून. विद्युत यंत्रांचं नियंत्रण, असं त्याचं मराठी मी केलं आहे. नाव आपल्या धंद्याच्या जवळचं म्हणून मी तिच्याकडून टिपणं मागवली, छापून घेतली, चष्मा पुसून वाचायला बसलो. पहिल्या पानानंतर मला काही कळलं नाही. तिला तसं सांगितलं नाही, 'सखोल आहे' म्हणालो. ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा आम्ही म्हटलं, नवं ठिकाण आहे, होतं असं. दुसऱ्यांदा झाली तेव्हा तिनं नियम सांगितला. तिथे एकाच विषयाला हवं तितक्या वेळा बसता येत नाही. तिसऱ्यांदाही गेला तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडेही घेता येत नाही. नाव गेलं की तिथे राहायचा परवाना गेला. हे तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं. त्या दिवसापासून घरात टीव्ही लागला तरी आवाज बंद असायचा. का, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

नापास झालेल्यानं येऊन आपला पेपर पाहायचा, असा तिथे रिवाज आहे. ती गेली. तिच्या प्राध्यापकांनी पानं उलटून दाखवली. इथे अर्धं बरोबर, मग कोरं. इथे तर बहुतेक सगळं बरोबर, मग कोरं. इथे का थांबलात, त्यांनी विचारलं. पुढचं नक्की नव्हतं, ती म्हणाली. कोऱ्या कागदाला मी गुण कसे देऊ, ते म्हणाले. हे तिला लागलं, पण उमगलं नाही. उमगणार कसं? अमरावतीच्या क्लासवाल्यांनी अकरावीपासून तिच्या डोक्यात एकच बसवलं होतं: चुकलं की गुण वजा, शंका आली की प्रश्न सोडा आणि पुढे व्हा. त्याच शिस्तीवर ती इथे वरच्या नंबरात आली होती. जी सवय इथे शहाणपणाची, ती तिथे पान कोरं ठेवत होती. आणि तिसरी परीक्षा विद्यापीठानं तोंडी ठेवली होती. समोर प्राध्यापक, पाठीशी फळा. तोंडी परीक्षेत पान कोरं राहतं म्हणजे काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मान खाली, खडू मुठीत.

आदल्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात वायंडिंगला वार्निश लावत होतो. आवाज रडून झाल्यानंतरचा होता. बाबा, समजा आलंच नाही तर मी काय बोलू, असं तिनं विचारलं. मी विचारलं, कोथिंबीर कशी आहे. बरी आहे म्हणाली. मग तीच म्हणाली, बाबा, याला जर्मन का म्हणतात? इथल्या मैत्रिणींनी विचारलं, मला सांगता आलं नाही. मी तोंड उघडलं. तांबं, जस्त, निकेल, सगळं जिभेवर होतं. आणि बाई, मला ते सांगावंसं वाटलं नाही. मी तिला तुमची खोली सांगितली. फरशी, खडू, ओलं फडकं, जिथून चुकलं तिथूनच पुसायचं, ते सांगितलं. मग गंजाकडे पाहून तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं, तुमच्याच शब्दांत, कारण ते दुसऱ्या शब्दांत मावत नाही. 'मला माहीत नाही, मी बघते' असं म्हटलं की वेळ मारून नेल्यासारखं वाटतं. 'पाहून राहिली' म्हटलं की माणसाचा डोळा तिथून हललेला नसतो. पलीकडे ती हसली. "बाबा, तुम्हाला अशी भाषा येते?" मी म्हटलं, येते. समोर बसलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे टक लावून पाहत होतं.

परीक्षेच्या दिवशी मी घरी थांबलो नाही. वरूडला एका संत्र्याच्या बागेत बोअरमधली मोटार जळाली होती, ती वर काढायला गेलो. बागेत मृग बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालली होती. पाइप एकेक करून वर येत होते. मी क्लॅम्प आवळत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजायला लागला. खाली मोटार लोंबकळते आहे, पाना सुटला तर पाइपासकट सगळं बोअरमध्ये जाणार. बागवाला म्हणाला, घ्या नं भाऊ फोन. मी म्हटलं, हात मोकळा नाही. फोन वाजून वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. शेवटी त्यानंच माझ्या खिशातून तो काढून माझ्या कानाला लावला, आणि मी दोन्ही हातांनी पाना धरून ऐकलं. "झाले, बाबा," ती म्हणाली. एवढं ऐकू आल्यावरही मी पाना सोडला नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. सुरुवातीचं नीट गेलं. नंतरच्या प्रश्नाला ती निम्म्यावर अडली. बाजूला बसून लिहून घेणाऱ्या माणसाचं पेनही थांबलं. तिला वाटलं, संपलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, आपल्या बोलीत: "मायीत नाही. पाहून राहिली." प्राध्यापकांनी मान वर केली आणि हे काय म्हणालात असं विचारलं. तिनं इंग्रजीत सांगितलं की याचा अर्थ, मला माहीत नाही आणि मी अजून शोधते आहे. ते खुर्चीत मागे टेकले. "मग पाहा," ते म्हणाले, "पण आम्हाला ऐकू येईल असं पाहा." ती फळ्याकडे वळली. जे दिसत होतं ते बोलत गेली, लिहीत गेली. एका ठिकाणी चुकलं आणि सगळंच पुसायला तिचा हात वर गेला, तो तिनं खाली घेतला. जिथून चुकलं तिथूनच पुसलं. उत्तर पूर्ण निघालं नाहीच. तिला बाहेर बसवलं, मग आत बोलावलं, आणि प्राध्यापकांनी उठून हात मिळवला. प्रश्न काय होता, तो तिनं मला नंतर सावकाश समजावून सांगितला. मला कळला नाही. या वेळी मी सखोल म्हटलं नाही, कळला नाही असंच म्हटलं.

बागवाल्यानं विचारलं, काय झालं भाऊ. पोरगी पास झाली, मी म्हणालो. त्यानं आधी माझ्या हातातला पाना घेऊन क्लॅम्प पक्का केला, मग माझ्या पिशवीत संत्री भरायला लागला. मी धुऱ्यावर, बांधाच्या गवतात बसलो. मोटार वर येऊन जमिनीवर टेकली की चेनपुलीची साखळी जशी ढिली पडते, तसं माझ्या पाठीत काहीतरी ढिलं पडलं. किती महिने ते ताणलेलं होतं, तेही मला तेव्हाच समजलं. बसल्या बसल्या एक संत्रं सोलून खाल्लं. मग आणखी एक.

आणि एक गोष्ट, ही फक्त तुम्हाला. तिला मिळाले चार. तिथे उलटं असतं, एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. मी घरी पोचेपर्यंत बायकोनं मुलीशी बोलून गल्लीत पेढे वाटले होते आणि सगळ्यांना सांगितलं होतं, चारपैकी चार. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक दारात आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, पैकीच्या पैकी, वा. पाटीवरचा रु ऱ्हस्व करून घेणारा माणूस मी. मी दुरुस्ती केली नाही. पेढा घेतला आणि खाल्ला. ताजा होता.

हे पत्र पाठवायचं नाही हे उघडच आहे. स्टँडमागच्या तुमच्या खोल्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालं आहे. पण पत्ता असता तरी मी थांबलो असतो, कारण पहिल्या ओळीत लिहिलं तेवढं ते उत्तर पक्कं नाही. पुस्तकात जर्मन सिल्व्हर आहे. आपल्या अकोल्याच्या बाजारात ॲल्युमिनियमला जर्मन पहिल्यांदा कोणी म्हटलं, ते पुस्तकात नाही. मधला सांधा माझा मी जोडला आहे. तुम्ही फडकं सरकवलं असतं.

घरात तर आता दुसराच प्रश्न आला आहे. काल संध्याकाळी चहा गाळताना बायकोनं तो विचारला. मुलीचं शिक्षण आता पुरं होईल, तिकडेच काम मिळण्यासारखं आहे, मग पोरगी वापस येईन का? एरवी अशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. तिथल्या परवान्याचे नियम मी वाचलेले आहेत, मुद्देसूद सांगू शकतो. सांगायला सुरुवातही केली. मग थांबलो. "मले मायीत नाही," मी म्हणालो. "पाहून राहिलो." बायकोच्या हातातली गाळणी हवेतच राहिली. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. "बोलले बाप्पा एकदाचे," ती म्हणाली, आणि माझा कप आधी भरला.

बाई, म्हणताना काही जड गेलं नाही. तरी भरल्या वर्गासमोर ते माझ्याकडून म्हणवून घेतलंत, त्याचा राग अजून थोडा आहे.